फ्रिज कट का होत नाही?

फ्रिजचा कॉम्प्रेसर स्वतःहून कधीच थांबत नाही, त्याला थांबवावं लागतं. वीज मिळाली की तो चालतो, वीज तुटली की गप्प होतो. आतला टोमॅटो किती गार झाला याचा त्याला पत्ता नसतो. तो पत्ता ठेवायचं काम थर्मोस्टॅटचं. ठरलेला गारवा आला की थर्मोस्टॅट वीज तोडतो, मेकॅनिकच्या भाषेत फ्रिज ‘कट’ होतो. थोड्या वेळाने आतली हवा कोमटली की तोच वीज पुन्हा जोडतो.

म्हणून फ्रिज रात्रंदिवस घरघरू लागला की आपला संशय कॉम्प्रेसरवर जातो, कारण आवाज त्याचा असतो. बहुतेक वेळा तो निर्दोष असतो. थांब म्हणून कोणी सांगितलं नाही म्हणून तो चालतोय, एवढंच. तो का चालतोय हे शोधण्यापेक्षा त्याला थांबायचा हुकूम का मिळत नाही हे शोधलं, तर मेकॅनिकला फोन करण्याआधीच निम्मा तपास घरी होतो.

त्याआधी हा बिघाड आहे तरी का, हे पाहून घ्यावं. फ्रिजवर ‘इन्व्हर्टर’ असं लिहिलेलं असेल, तर सतत चालणं हा त्याचा स्वभाव आहे. जुन्या कॉम्प्रेसरला एकच वेग ठाऊक, मिनिटाला साधारण २,९०० फेरे. पूर्ण जोर किंवा पूर्ण विश्रांती, मधलं काही नाही. इन्व्हर्टर कॉम्प्रेसरचा वेग गरजेप्रमाणे कमी-जास्त होतो. आत गारवा आला की तो थांबण्याऐवजी हळू चालतो, कारण पुन्हा पुन्हा बंद-चालू होण्यापेक्षा मंद गतीने चालत राहण्यात वीज कमी लागते. जुना फ्रिज बदलून नवा आणला की ‘हा कटच होत नाही’ ही तक्रार हमखास येते. अशा वेळी कानापेक्षा विजेच्या मीटरवर भरवसा ठेवावा. रात्री घरातलं बाकी सगळं बंद करून मीटरवरचा लुकलुकणारा लाल दिवा पाहा. मीटरवर ‘३२०० इम्पल्स’ असं छापलेलं असेल, तर ३,२०० लुकलुकींना एक युनिट. १०० वॅट खेचणाऱ्या फ्रिजला दर अकरा सेकंदांनी एक लुकलुक पडते. इन्व्हर्टर फ्रिज ठीक असेल तर रात्रीच्या शांत वेळी हे अंतर बरंच लांबलेलं दिसेल. ते लांबतच नसेल, तर मात्र पुढचं वाचायला हवं.

दुसरा निर्दोष प्रकार उन्हाळ्याचा. फ्रिजच्या भिंतींतून आत झिरपणारी उष्णता ही बाहेरच्या आणि आतल्या तापमानातल्या फरकावर ठरते. बाहेर ३० अंश आणि आत ५ असेल तर फरक २५ अंशांचा. मे महिन्यात चंद्रपूर-नागपूरकडच्या स्वयंपाकघरात ४२ अंश असतील तर हाच फरक ३७ होतो, म्हणजे जवळजवळ दीडपट. एरवी निम्मा वेळ चालणारा फ्रिज एवढ्यानेच पाऊण वेळ चालू लागतो. शिवाय बाहेरची हवाच तापलेली असल्याने उष्णता टाकणंही जड जातं, त्यामुळे तो पाऊण वेळही पुरत नाही. फ्रिजच्या आतल्या लेबलवर ‘हवामान वर्ग’ दिलेला असतो. आपल्याकडचे बहुतेक फ्रिज ‘टी’ म्हणजे उष्णकटिबंधीय वर्गातले, आणि त्यांची हमी ४३ अंशांपर्यंतची. विदर्भातल्या दुपारी पारा त्याही वर जातो. तेव्हा दुपारभर न थांबलेला फ्रिज पहाटे थांबत असेल, तर त्याच्या मागे लागू नये. तासन्तास वीज गेल्यानंतर, किंवा ‘एक्सप्रेस फ्रीझ’चं बटण चुकून दाबलेलं राहिल्यावरही फ्रिज बराच वेळ चालतो. तोही आजार नव्हे.

आता खरी तपासणी. पाण्याने भरलेला ग्लास मधल्या फळीवर ठेवा, त्यात साधा थर्मामीटर बुडवा आणि रात्रभर दार उघडू नका. (ताप मोजायचा नको, त्याचं माप ३५ अंशांच्या आसपासच सुरू होतं.) हवेचं तापमान दार उघडताच उडी मारतं, पाण्याचं मारत नाही, म्हणून हा ग्लास. सकाळी ३ ते ५ अंश आले तर गारवा ठीक आहे. शून्याजवळ आले, किंवा ग्लासात बर्फाचा पापुद्रा धरला, तर गारवा गरजेपेक्षा जास्त होऊनही कॉम्प्रेसर थांबलेला नाही. आणि १० अंश किंवा त्याहून जास्त आले, तर कॉम्प्रेसर मरमर राबतोय आणि हाती काही लागत नाही. या तीन निकालांच्या वाटा एकदम वेगळ्या आहेत. ‘फ्रिज कट होत नाही’ एवढंच सांगून मेकॅनिक बोलावला तर तो यातल्या कुठल्या वाटेने जाईल हे त्याच्या मर्जीवर राहतं. बहुधा तो सर्वांत महागड्या वाटेने जातो.

जास्त गारव्याचं प्रकरण सोपं आणि स्वस्त. भाजीच्या कप्प्यातली कोथिंबीर काचेसारखी कडक होते, दह्यात खडे होतात, आणि फ्रिज चालूच. इथे दोष थर्मोस्टॅटचा. एका दाराच्या साध्या फ्रिजमध्ये थर्मोस्टॅटपासून एक बारीक नळी निघते आणि तिचं टोक फ्रीझरच्या भिंतीला चिकटवलेलं असतं. नळीतला वायू गार होऊन आकसला की संपर्क तुटतो. हे टोक जागेवरून निसटलं, तर ते भिंतीऐवजी हवेचं तापमान सांगत राहतं आणि हुकूम निघतच नाही. कधी संपर्काचे दोन पत्रे ठिणग्यांनी एकमेकांना चिकटून बसतात. थर्मोस्टॅटची कळ शून्यावर नेऊनही कॉम्प्रेसर चालूच राहिला, तर हेच झालंय असं समजायला हरकत नाही. थर्मोस्टॅट बदलणं हे फ्रिजच्या दुरुस्त्यांमधलं सर्वांत किरकोळ काम आहे.

कळीबद्दलचा एक जुना गैरसमज इथेच निकालात काढू. कळ १ वरून ७ वर नेली की फ्रिज ‘जोरात’ गार करतो असं जवळपास प्रत्येक घरात मानलं जातं. साध्या फ्रिजमध्ये कळीचा जोराशी काही संबंध नाही. ती फक्त कुठे थांबायचं ते सांगते. ऐन उन्हाळ्यात, थकलेल्या फ्रिजची कळ ७ वर नेणं म्हणजे तो पोहोचूच शकणार नाही असा मुक्काम त्याला नेमून देणं. मग तो थांबणार कसा? सतत चालणाऱ्या कितीतरी फ्रिजना कळ ३ वर आणून ठेवण्यापलीकडे उपचार लागत नाही.

गारवा ठीक, पण विश्रांती नाही, असा निकाल आला तर उष्णतेचा हिशोब मांडावा लागतो. घरात या बाबतीत शिव्या खातात ती मुलं, दार उघडून विचार करत उभी राहणारी. हिशोब करून पाहू. फ्रिज २०० लिटरचा, पावसाळ्यातली कोकणातली दमट हवा ३० अंशांची. दार उघडल्यावर आतली सगळी हवा बदलली असं धरलं तरी ती नवी हवा ५ अंशांवर आणायला ६ किलोज्यूल आणि तिच्यातल्या बाष्पाचं पाणी करायला ९, मिळून १५ किलोज्यूल उष्णता उपसावी लागते. कॉम्प्रेसर १०० वॅटच्या गतीने उपसतो असं धरू. अडीच मिनिटांत काम संपलं. याउलट माठाजवळच्या पिंपातून भरून आत ठेवलेली एक लिटरची बाटली ३० वरून ५ अंशांवर आणायला १०५ किलोज्यूल लागतात, म्हणजे साडेसतरा मिनिटं. एक बाटली आणि दाराची सात उघडझाप, दोन्ही सारखंच. दूध तापवून, ‘जरा कोमट झालं’ म्हणून ६० अंशांवरच आत ढकललं, तर दोन लिटरना सव्वा तासाच्या आसपास. तेच दूध ओट्यावर निवून ३० अंशांवर आल्यावर ठेवलं तर अर्ध्या तासाच्या थोडं वर. मुलांना रागवणारे आपण, आणि सायीसाठी गरम पातेलं आत ठेवणारेही आपणच.

दाराचं रबर हा मात्र खरा गुन्हेगार. उघडलेलं दार मिनिटभरात बंद होतं. सैल रबराची फट दिवसाचे चोवीस तास उघडी असते. दहाची नोट दारात अर्धी धरून दार लावा आणि ओढा. सहज निसटली तर तिथे फट आहे. चारही बाजूंनी, आणि विशेषतः बिजागरीच्या बाजूला हे करून पाहावं, कारण तिकडे कोणी बघत नाही. अंधाऱ्या खोलीत मोबाईलचा टॉर्च आत पेटता ठेवून दार लावलं तर प्रकाशाची रेघच फट दाखवते. पुष्कळदा रबर फाटलेलं नसतं, नुसतं चिकट झालेलं किंवा दबलेलं असतं. कोमट साबणपाण्याने पुसावं, दबलेला भाग हेअर ड्रायरने हलका तापवून बोटांनी बाहेर ओढावा.

आतल्या दिव्याची गंमत तर कोणाच्या लक्षातही येत नाही. दाराची कळ अडकली की दार बंद झाल्यावरही दिवा चालू राहतो, आणि बंद दाराआड पाहणार कोण? जुन्या फ्रिजमधला १५ वॅटचा पिवळा बल्ब म्हणजे आत ठेवलेला छोटा हीटरच. मोबाईलवर व्हिडिओ सुरू करून तो आत ठेवा, दार लावा, उघडा आणि काय चित्रित झालं ते पाहा.

आत शिरणाऱ्या उष्णतेचं एवढं झालं. काढलेली उष्णता टाकायची कुठे, हा प्रश्न उरतो. फ्रिजच्या मागची काळी जाळी त्यासाठीच असते. कॉम्प्रेसरने दाबलेला तापलेला वायू तिच्यातून जाताना थंडावून द्रव होतो आणि आपली उष्णता खोलीत सोडतो. मुंबईच्या खोल्यांमधून फ्रिज कोनाड्यात ठोकून बसवलेला असतो, वर स्टॅबिलायझर, त्यावर डबे, सगळ्यावर मेणकापडाचं कव्हर. मागे जाळीवर फोडणीच्या वाफेने चिकट झालेल्या धुळीचा थर. अशा फ्रिजला श्वास घ्यायला जागाच नाही. मागे वीतभर अंतर सोडावं, प्लग काढून जाळी मऊ ब्रशने झाडावी. नव्या फ्रिजना मागे जाळी दिसत नाही, तिच्या नळ्या बाजूच्या पत्र्याआड असतात. म्हणून नव्या फ्रिजच्या बाजू गरम लागतात. त्या गरम लागणं चांगलं, हे लक्षात असू द्या, कारण पुढे येणाऱ्या गॅसच्या दुखण्यात त्या गार लागतात.

तिसरा निकाल: कॉम्प्रेसर सतत चालू आणि पाणी कोमट. इथे आधी विचारायचं की फ्रिज साधा की दोन दारांचा, आपोआप बर्फ वितळवणारा. दोन दारांच्या फ्रिजमध्ये गारवा एकाच ठिकाणी तयार होतो, फ्रीझरच्या मागच्या प्लॅस्टिकच्या पडद्याआड असलेल्या कॉइलवर. तिथून पंखा तो गारवा खाली ढकलतो. कॉइलवर हवेतल्या ओलाव्याचा बर्फ साचत जातो. तो वितळवण्यासाठी कॉम्प्रेसर आठ ते बारा तास चालला की टायमर त्याला थांबवतो आणि कॉइलजवळचा हीटर थोडा वेळ चालू करतो. पाणी मागच्या तसराळ्यात उतरतं आणि कॉम्प्रेसरच्या उष्णतेने उडून जातं. हा हीटर जळाला, किंवा त्याला वीज देणारा छोटा तापमान-स्विच निकामी झाला, की बर्फ वितळायचा थांबतो. थर वाढत वाढत कॉइलची भिंत होते, पंख्याची हवा तिच्यातून जात नाही. फ्रीझरमधलं आइस्क्रीम अजून घट्ट, पण खालचं दूध नासायला लागलेलं. खाली गारवा पोहोचत नाही म्हणून थर्मोस्टॅट कट देत नाही, कॉम्प्रेसर चालत राहतो, आणि जितका चालतो तितका बर्फ वाढतो.

याची घरगुती परीक्षा इतकी चोख आहे की ती केल्याशिवाय कोणालाही पैसे देऊ नयेत. फ्रिज रिकामा करून, प्लग काढून, दोन्ही दारं उघडी ठेवून पूर्ण २४ तास ठेवा. खाली फडकी अंथरा, पाणी येईल. मग चालू करा. फ्रिज पहिल्यासारखा उत्तम चालू लागला आणि आठवडाभराच्या आत पुन्हा तेच रडगाणं सुरू झालं, तर दोष बर्फ वितळवण्याच्या यंत्रणेत आहे, गॅसमध्ये नाही. गॅस कमी असता तर तो आठवडाही मिळाला नसता. एवढं सांगता आलं की ‘गॅस भरावा लागेल’ हे वाक्य तिथेच थांबतं.

साध्या, एका दाराच्या फ्रिजमध्येही बर्फ साचतो, पण तिथे वितळवायचं काम आपलं. थर्मोस्टॅटच्या मधलं बटण दाबायचं आणि धीर धरायचा. धीर सुटतो आणि माणसं सुरी घेतात, स्क्रू ड्रायव्हर घेतात. फ्रीझरची ती भिंत म्हणजे ॲल्युमिनियमचे दोन पातळ पत्रे, त्यांच्यामध्येच गॅसच्या वाटा फुगवलेल्या. सुरीचं टोक एकदा आत गेलं की बारीकसा ‘फुस्स’ आवाज येतो, आणि पाच मिनिटांच्या घाईपायी फ्रिज गेलेला असतो.

आता गॅसच. पेट्रोल संपतं तसा फ्रिजमधला गॅस संपत नाही. रहाटगाडग्याची गाडगी विहिरीत रिकामी उतरतात, भरून वर येतात, उष्णतेच्या बाबतीत गॅसचं काम तेच. पाणी उपसून उपसून गाडगी कधी संपत नाहीत. सगळी यंत्रणा डाक लावून बंद केलेली असते, आणि वीस-वीस वर्षं पहिल्याच गॅसवर चाललेले फ्रिज घरोघरी आहेत. गॅस कमी झाला असेल तर तो कुठूनतरी गळला आहे. भोक न शोधता नुसता गॅस भरणं म्हणजे तो पुन्हा गळायला सोडणं.

पूर्वी गळती नाकाला कळायची. १९२० च्या दशकातल्या काही फ्रिजमध्ये सल्फर डायऑक्साइड असे, त्याच्या उग्र वासाने माणसं घराबाहेर पळत. त्या काळचे काही वायू विषारीच होते. बर्लिनमधलं एक कुटुंब फ्रिजच्या वायूने दगावल्याची बातमी वाचून आइनस्टाइन आणि लिओ झिलार्ड यांनी १९२६ पासून हलते भाग नसलेल्या फ्रिजची पेटंटं घेतली होती. मग १९३० मध्ये थॉमस मिजली याने अमेरिकन रसायनशास्त्रज्ञांच्या सभेत नवा वायू छातीत भरून घेतला आणि तो फुंकून मेणबत्ती विझवून दाखवली. विषारी नाही आणि पेटतही नाही, हे एका फुंकरीत सिद्ध. तो आर-१२, म्हणजे फ्रेऑन. पुढे तो ओझोनच्या थराला मारक ठरला, १९८७ च्या माँट्रियल कराराने त्याला निरोप दिला. त्यानंतर आर-१३४ए आला, आणि आता आपल्या घरगुती फ्रिजमध्ये मुख्यतः आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन.

या आयसोब्युटेनचा एक विचित्र गुण तपासाच्या कामाचा आहे. तो उणे ११.७ अंशांना उकळतो. फ्रीझरच्या कॉइलमध्ये त्याहून बराच कमी गारवा हवा असतो, म्हणून तिथे त्याचा दाब बाहेरच्या हवेपेक्षाही कमी ठेवावा लागतो. मग कॉइलला भोक पडलं तर चालू फ्रिजमधून गॅस बाहेर येण्याऐवजी बाहेरची हवा आत ओढली जाते, आणि हवेसोबत ओलावा. तो ओलावा केसासारख्या बारीक कॅपिलरी नळीच्या तोंडाशी गोठतो आणि वाट बंद करतो. फ्रिज बंद करून ठेवला की बर्फ वितळतो, वाट मोकळी होते, काही काळ छान गारवा येतो, पुन्हा बंद. मेकॅनिक याला ‘चोक’ म्हणतात.

गॅस खरोखर कमी आहे का, हे हात लावून बरंच कळतं. कॉम्प्रेसर तासभर चालल्यावर मागची जाळी, किंवा नव्या फ्रिजच्या बाजू, नीट गरम लागायला हव्यात. कॉम्प्रेसर चटका देणारा आणि जाळी खोलीइतकीच गार असेल, तर गॅस गेलेला आहे किंवा कॉम्प्रेसरच्या आतल्या झडपा झिजून तो नुसताच फिरतोय. साध्या फ्रिजच्या फ्रीझरमध्ये एका कोपऱ्यातच दव गोठलेलं आणि बाकी भिंत ओली, हीही गॅस कमी असल्याची खूण. पूर्ण भिंत एकसारखी पांढरी झाली असेल, तर गॅस भरून घेऊ नका, कोणी कितीही सांगितलं तरी.

आणि भरायचीच वेळ आली, तर काम कसं होतं ते उभं राहून पाहावं. आधी गळती शोधून बुजवायची, फिल्टर-ड्रायर नवा घालायचा, व्हॅक्यूम पंपाने आतली हवा आणि ओलावा पूर्ण ओढून काढायचा, मगच गॅस, तोही काट्यावर तोलून. आयसोब्युटेनच्या फ्रिजला पूर्ण भरती मोजक्याच ग्रॅमची लागते. त्यात पाच-दहा ग्रॅम इकडेतिकडे झाले तरी फ्रिज पुन्हा कट व्हायचा थांबतो. काटा न आणता कानाने अंदाज घेत गॅस सोडणारा माणूस परत पाठवावा. हा गॅस पेटणारा आहे. कॉम्प्रेसरवर ज्वाळेचं पिवळं चिन्ह असेल, तर आत शिल्लक असलेला गॅस मोकळ्या हवेत सोडून देण्याआधी कोणी डाक लावायचा टॉर्च पेटवता कामा नये, आणि जवळ गॅसची शेगडीही चालू नको. बिलावर गॅसचं नाव आणि ग्रॅम लिहून घ्यावेत. पुढच्या मेकॅनिकला त्याचा उपयोग होतो.

एक दुखणं मात्र असं आहे की त्याला औषध नाही. फ्रिजच्या पत्र्यामागचा पफचा, म्हणजे फोमचा, थर वर्षानुवर्षं ओलावा पिऊन कुठेतरी भिजतो आणि उष्णता अडवणं सोडून देतो. पावसाळ्यात फ्रिजच्या बाहेरच्या अंगावर एकाच ठिकाणी घामाचा डाग धरत असेल, तिथे हात लावल्यावर गार लागत असेल, तर आतला थर गेला असं समजावं. रबर, थर्मोस्टॅट, गॅस सगळं ठीक असूनही असा फ्रिज थांबत नाही. १०० वॅटने अखंड चालला तर महिन्याला ७२ युनिटं, निम्मा वेळ चालला असता तर ३६. महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिटांच्या पुढे दर चढतो, म्हणजे ही वरची ३६ पुष्कळ घरांत महागड्या टप्प्यातच मोजली जातात. हा फरक वर्षभराचा मांडून तो नव्या फ्रिजच्या किमतीशेजारी ठेवून पाहावा. जुना विकताना तो भंगारवाल्याच्या हातोडीखाली न जाता ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रात जाईल असं बघावं. आर-१३४ए हा वायू हवा तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटींहून पुढे आहे, आणि भंगारात नळी कापली की तो सगळा हवेतच जातो.